बुरशी नाकातून शिरते, साखरेवर पोसते

2021 च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या मोठ्या रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांत वेगळेच रुग्ण येऊ लागले. नुकतेच कोरोनातून बरे होऊन घरी गेलेले. कुणाचा एकाच बाजूचा गाल बधिर झालेला, कुणाची वरची दाढ अचानक हलायला लागलेली, कुणाच्या एका डोळ्याची पापणी उचलतच नव्हती. नाकात दुर्बीण घातली की आत काळा पडलेला भाग दिसायचा. डॉक्टर बोथट सळईने तिथे हलकेच टोचून बघायचे. रुग्ण दचकायचा नाही, रक्ताचा थेंबही यायचा नाही. तेवढा भाग आधीच मेलेला असायचा.

आजाराचं नाव म्युकरमायकोसिस. घरोघरी तो ‘काळी बुरशी’ म्हणून पोचला. 28 जून 2021 रोजी तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी जे आकडे दिले, त्यांत देशातले 40,845 रुग्ण आणि 3,129 मृत्यू होते. यातल्या 31,344 जणांमध्ये बुरशी नाकातून डोळ्याकडे किंवा मेंदूकडे सरकणारी होती. जवळपास 64 टक्के रुग्णांना मधुमेह होता आणि निम्म्याहून अधिक जणांना स्टेरॉइड दिलं गेलं होतं. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांना सर्वाधिक झळ बसली. साथ ओसरली, बातम्या थांबल्या, पण बुरशी कुठे गेलेली नाही. ती कोरोनाबरोबर आलेलीच नव्हती, ती आधीपासूनच आपल्या अवतीभोवती आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातलं ईट हे आसपासच्या वाड्यावस्त्यांचं बाजाराचं गाव. हा तालुका दुधाचा आणि खव्याचा. त्यामुळे दावणीला जनावर, परड्यात उकिरडा, कडेला कडब्याची गंजी हे घराघराचं चित्र. पावसाने भिजलेला कडबा, कुजणारं शेणखत, परसात सडलेलं फळ, फडताळातली शिळी भाकरी, अशा सगळ्या ठिकाणी म्युकर जातीच्या बुरश्या सुखाने वाढतात. त्यांचे बीजाणू डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीसारखे हवेत तरंगत असतात. शेण काढणारी बाई ते रोज श्वासावाटे आत घेते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसलेला माणूसही घेतो. आणि बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही.

याचं श्रेय आधी नाकाला द्यायला हवं. नाकाच्या आत हाडाच्या वळकट्या असतात, त्यांवर ओलसर अस्तर असतं आणि अस्तरावर सूक्ष्म केसांची अखंड हालचाल चालू असते. धूळ आणि बीजाणू चिकट शेंबडात अडकतात आणि घशाकडे ढकलले जातात. तिथून ते पोटात जातात आणि संपतात. त्यातूनही एखादा बीजाणू अस्तरात रुजायला बघतो, तेव्हा शरीराच्या रक्षक पेशी पुढे होतात. काही पेशी बीजाणूला गिळून त्याला अंकुरच फुटू देत नाहीत. अंकुर फुटलाच, तर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच्या तंतूंवर तुटून पडतात. निरोगी माणसाच्या नाकात ही लढाई रोज होते आणि त्याला कधी कळतही नाही.

रक्तातली साखर महिनोन् महिने चढलेली असली, की याच न्यूट्रोफिल मंदावतात. संसर्गाच्या जागी पोचायला त्यांना उशीर होतो आणि पोचल्यावरही त्यांचा मारा कमी पडतो. साखर फारच हाताबाहेर गेली तर शरीरात कीटोन नावाची आम्लं साठतात, रक्त आम्लधर्मी होतं. एरवी रक्तातलं लोह प्रथिनांनी घट्ट धरून ठेवलेलं असतं. आम्लतेत ती पकड सैल होते आणि मोकळं झालेलं लोह बुरशीच्या हाती लागतं. या बुरशीला वाढायला लोह हवंच असतं. डायलिसिसवरच्या रुग्णांना पूर्वी डेफेरॉक्सामाइन हे लोह कमी करणारं औषध दिलं जाई. त्यांच्यात म्युकरमायकोसिस जास्त दिसायचा, कारण औषधाने बांधलेलं लोह याच जातीतली रायझोपस ही बुरशी बिनदिक्कत उचलायची. अमेरिकेत अश्रफ इब्राहिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक दुवा शोधला. वाढलेली साखर, लोह आणि कीटोन यांमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी-78 हे प्रथिन वाढतं आणि बुरशीचे तंतू नेमके त्यालाच चिकटून आत घुसतात.

म्हणजे अनियंत्रित मधुमेह या बुरशीला तीन बाजूंनी मदत करतो. पहारेकरी ढिले पडतात, खाणं मिळतं आणि आत शिरायला दारही सापडतं.

एकदा आत शिरल्यावर तिची चाल वेगवान असते. पाटात गवत माजलं की पुढच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसं होतं. तंतू रक्तवाहिनीत शिरतात, तिथे गुठळी होते आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. रक्त न मिळालेला मांसाचा आणि हाडाचा भाग मरतो, काळा पडतो. लोकांना दिसतो तो काळेपणा या मेलेल्या भागाचा. प्रयोगशाळेत वाढवलेली ही बुरशी सुरुवातीला पांढऱ्या कापसासारखी असते. रक्तच पोचत नसल्यामुळे शिरेतून दिलेलं औषधही तिथे पोचत नाही. म्हणून हा आजार नुसत्या इंजेक्शनने बरा होत नाही, मेलेला भाग खरवडून, कापून काढावाच लागतो. नाकातून शेजारच्या सायनसमध्ये, तिथून कागदासारख्या पातळ हाडातून डोळ्याच्या खोबणीत आणि पुढे मेंदूत, हा प्रवास काही दिवसांत होऊ शकतो.

या आजाराचं पहिलं ठळक वैद्यकीय वर्णन 1885 सालचं, ऑस्ट्रियातल्या पाल्टाउफ यांचं. नंतरची अनेक दशकं तो दुर्मिळ आजारांच्या यादीत राहिला. पाश्चात्त्य देशांत आजही तो मुख्यतः रक्ताचा कर्करोग किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत दिसतो. भारताची गोष्ट निराळी आहे. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतले डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी कोरोनाच्या कितीतरी आधीपासून सांगत होते की भारतात हा आजार दुर्मिळ नाही. त्यांच्या अंदाजानुसार दर दहा लाख लोकांमागे सुमारे 140 रुग्ण, विकसित देशांच्या जवळपास 80 पट. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातल्या अनेक केंद्रांच्या पाहणीत 465 रुग्णांपैकी 73.5 टक्के मधुमेही होते. 2021 च्या साथीसाठी जमीन आधीच तयार होती. ती कुणी पुरेशा गांभीर्याने पाहिली नाही, याची खंत वाटायला हवी.

त्या जमिनीवर स्टेरॉइड पडलं. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतून कळलं की ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोना रुग्णांना रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त 10 दिवस दिलं तर मृत्यू कमी होतात. हे औषध स्वस्त होतं आणि त्याने असंख्य जीव वाचवले, हे विसरता येणार नाही. पण त्याच चाचणीत दुसरीही गोष्ट स्पष्ट झाली होती: ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना याचा फायदा दिसला नाही. दुसऱ्या लाटेच्या धांदलीत ही अर्धी ओळ हरवली. घरीच असलेल्या, साध्या तापाच्या रुग्णांच्या चिठ्ठ्यांवर स्टेरॉइड लिहिलं गेलं. कुठे मात्रा जास्त, कुठे दिवस जास्त. मित्राची चिठ्ठी दाखवूनही गोळ्या मिळाल्या. स्टेरॉइड रक्षक पेशींना थोपवतं आणि साखरही चढवतं. कोरोना स्वतःसुद्धा साखर बिघडवतो. मधुमेह, स्टेरॉइड आणि कोरोना या तिन्ही गोष्टी एकाच शरीरात, एकाच पंधरवड्यात जमल्या.

देशभरातल्या नेत्रतज्ज्ञांनी एकत्र केलेल्या 2,826 रुग्णांच्या अभ्यासात 78 टक्के रुग्ण मधुमेही होते आणि 87 टक्क्यांना स्टेरॉइड मिळालेलं होतं. अनेकांना तर आपल्याला शुगर आहे हे याच आजारपणात पहिल्यांदा कळलं.

अफवांनाही त्या दिवसांत ऊत आला होता. कांद्यावरची काळी भुकटी हीच काळी बुरशी, असा संदेश मोबाईलवर फिरला आणि कांदा पिकवणाऱ्या मुलखातल्या लोकांनी घरातला कांदा संशयाने बघितला. कांद्यावर असते ती अ‍ॅस्परजिलस नायजर, वेगळी बुरशी. तो भाग धुऊन, सोलून टाकावा, एवढंच. आजार माणसामाणसांत पसरतो, अशीही भीती होती. पसरत नाही. रुग्णाचं ताट वेगळं ठेवायची, त्याला खोलीत कोंडायची काही गरज नव्हती. कोरोनाने आधीच एकटा पाडलेला माणूस या भीतीने आणखी एकटा पडला.

औषधाची कहाणी तर स्वतंत्र लेखाची आहे. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे मुख्य हत्यार 1950 च्या दशकात सापडलं, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून. मातीतून येणाऱ्या बुरशीवर मातीनेच उतारा दिला, पण त्याची किंमतही तशीच मागितली. मूळ रूपातलं हे औषध मूत्रपिंडाला घातक, रक्तातलं पोटॅशियम उतरवणारं. पिवळ्या रंगाचं हे द्रावण थेंबाथेंबाने सोडलं जातं, तेव्हा रुग्णाला हुडहुडी भरते, ताप चढतो. मिठाच्या सलाईनमध्ये ते साकळतं, म्हणून ग्लुकोजच्याच बाटलीतून द्यावं लागतं. ज्याची साखर उतरवायची धडपड चालू आहे, त्यालाच ग्लुकोज! मग सोबत इन्सुलिन आणि दिवसातून अनेकदा बोटाला सुई. औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळलं तर मूत्रपिंडाला त्रास कमी होतो. या प्रकाराच्या भारतीय संशोधनात मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचं काम मोलाचं आहे.

हे सुधारित औषध रुग्णाच्या दर किलो वजनाला रोज 5 मिलिग्रॅम द्यावं लागतं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला 300 मिलिग्रॅम, म्हणजे 50 मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. तीन आठवड्यांच्या 126. मे 2021 मध्ये एकेक कुपी 7 हजार रुपयांच्या घरात गेली होती. त्या भावाने हिशेब आठ लाखांच्या वर जातो. खव्याच्या भट्टीवर किंवा दोन म्हशींच्या दुधावर चालणाऱ्या घराने तो कुठून भरायचा? पैसे घेऊन उभ्या असलेल्यांनाही औषध मिळत नव्हतं. नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांतल्या औषध दुकानांना फोन लावत बसलेले असत. राज्य सरकारने त्याच महिन्यात हा आजार महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला. केंद्राने 20 मे रोजी राज्यांना त्याची नोंद सक्तीची करायला सांगितलं. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने महिनाअखेरीस याच औषधाच्या दुसऱ्या एका प्रकाराचं उत्पादन सुरू केलं, त्याची किंमत 1,200 रुपये ठरली. 12 जूनला जीएसटी परिषदेने या औषधावरचा करही शून्य केला. हे सगळं झालं, पण रुग्णाच्या घड्याळापेक्षा कारभाराचं घड्याळ मागे होतं.

शस्त्रक्रियेतून वाचलेल्यांचं पुढचं आयुष्य फारसं कुणी लिहिलं नाही. वरचा जबडा आणि टाळू काढलेल्या माणसाने पाण्याचा घोट घेतला की पाणी नाकातून बाहेर येतं. बोलणं गेंगाणं होतं, घरच्यांनाही शब्द कळत नाहीत. दंतवैद्यकातले तज्ज्ञ अशा रुग्णासाठी टाळूचं भोक झाकणारी, कवळीसारखी प्लेट बनवतात. ती बसवल्यावर पहिल्यांदा भाकरीचा घास नीट गिळता येतो. काही महिन्यांनी जखम भरून आकसते, प्लेट सैल होते आणि पुन्हा माप द्यावं लागतं. काहींना गालाच्या हाडात स्क्रू बसवून दात लावता आले. वर उल्लेखलेल्या 2,826 जणांच्या अभ्यासात साधारण सातापैकी एकाचा डोळा काढावा लागला होता. त्यांतल्या अनेकांचं वय पन्नाशीच्या आसपास, म्हणजे घर चालवण्याचं.

मधुमेह हे भारतातलं मुख्य कारण, पण एकमेव नव्हे. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल या भागातल्या कर्करोगाच्या रुग्णांना जवळचं. केमोथेरपीनंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी तळाला जातात. न्यूट्रोफिलची संख्या 500 च्या खाली गेली की नाकातला साधा दिसणारा संसर्गही जिवावर बेतू शकतो. यात एक फसवणारी गोष्ट आहे. पू हा पांढऱ्या पेशींमुळेच होतो. त्या नसल्या की पू नाही, सूज नाही, फारसं दुखतही नाही. नुसता ताप आणि चोंदलेलं नाक. आत मात्र म्युकर किंवा अ‍ॅस्परजिलस हाड पोखरत असते. म्हणून केमो चालू असलेल्या माणसाला ताप आला तर ‘सर्दी असेल, उद्या बघू’ म्हणून रात्र काढू नये. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आयुष्यभर घेणाऱ्यांनाही हेच लागू. एचआयव्हीत चित्र जरा वेगळं आहे. तिथे मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या पेशी घटतात, न्यूट्रोफिल बऱ्यापैकी टिकून असतात, त्यामुळे म्युकर तुलनेने कमी दिसते. मात्र उपचाराविना राहिलेल्या रुग्णांत सायनसचे इतर हट्टी संसर्ग होतात.

आणि गावोगावी दिसणारा एक गट कुठल्याच नोंदीत नसतो: गुडघेदुखी, दमा, अंगदुखी यांसाठी नाव नसलेल्या पुड्या घेणारे. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. भूक लागते, अंग हलकं वाटतं, चेहरा भरतो, ‘गुण आला’ असं वाटतं. दरम्यान साखर चढत जाते. डॉक्टरांनी विचारलं तर हा माणूस मनापासून सांगतो की आपण कुठलंही स्टेरॉइड घेत नाही.

ईटसारख्या गावापासून नाकात दुर्बीण घालणारे डॉक्टर, एमआरआयचं यंत्र आणि अ‍ॅम्फोटेरिसिनची कुपी ही तिन्ही लांब आहेत. आधी भूम, मग बार्शी किंवा धाराशिव, आणि बहुतेकदा शेवटी सोलापूरचं ‘सिव्हिल’. बार्शीपासूनच सोलापूर सुमारे 70 किलोमीटर. 2021 मध्ये जिल्ह्याला स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही नव्हतं, ते 2022 मध्ये सुरू झालं. अंतर एका रात्रीत कमी होणार नाही. पण या आजारात पहिली ओळख पटवायला यंत्र लागत नाही. विजेरी लावून टाळू बघणं, दोन्ही गालांना कापसाने स्पर्श करून ‘दोन्हीकडे सारखं कळतंय का’ असं विचारणं, नाकातून काळपट किंवा रक्ताळलेलं पाणी येतं का ते पाहणं, दोन बोटं धरून ती चार दिसतात का हे विचारणं आणि ग्लुकोमीटरवर साखर मोजणं, हे कुठल्याही आरोग्य केंद्रात पाच मिनिटांत होतं. सर्दी दोन्ही बाजूंना होते. मधुमेही माणसाचं दुखणं, बधिरपणा, सूज एकाच बाजूला असेल, तर त्याला अँटिबायोटिक देऊन चार दिवसांनी बोलावणं धोक्याचं आहे.

त्याच्याही आधीची पायरी शुगरची. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. सरकारी कार्यक्रमात तिशीवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासायची सोय उपकेंद्रापर्यंत आहे, आशाताई त्यासाठी घरोघरी फॉर्म भरून घेतात. गोड खात नाही म्हणून शुगर नाही, असं समजणारी माणसं याच तपासणीत सापडतात. ज्यांना शुगर आहे हे माहीत आहे, त्यांनी फक्त उपाशीपोटीच्या आकड्यावर समाधान मानू नये. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत जेवण सांभाळून तो आकडा खाली आणता येतो, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी मात्र अशी फसत नाही. आजारपणात कुणी स्टेरॉइड लिहून दिलं, तर ते किती दिवस घ्यायचं आणि त्या काळात साखर कशी मोजायची, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवेत. स्वतःच्या मनाने सुरू करू नये, आणि महिनोन् महिने चालू असलेलं एकदम बंदही करू नये, तेही जिवावर बेतू शकतं. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी उकिरडा उपसणं, कुजलेला कडबा झाडणं ही कामं दुसऱ्यावर सोपवावी, नाहीतर नाकातोंडावर घट्ट मास्क बांधावा.

आणि सोलापूर किंवा लातूर गाठायची वेळ आलीच, तर सोबत पिशवीत तीन गोष्टी असाव्यात: आधीच्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (पुड्यासुद्धा, लाज न बाळगता) आणि गेल्या काही दिवसांतल्या साखरेचे आकडे, शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलेले असले तरी चालतात. रात्रपाळीच्या डॉक्टरला त्या कागदांवरून पहिल्या तासातच ठरवता येतं की इन्सुलिन किती लागेल, नाकातला तुकडा तपासणीला आत्ताच घ्यायचा का, आणि अहवालाची वाट न बघता अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू करायचं का.